एका गुप्त विधीचें वाङ्मय

फ्रीमेसन मंडळींच्या विधींचा विचार वाङ्मय म्हणून करावा, असें म्हटल्यास पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. परंतु जो पाठ मुखोद्गत करून पिढ्यान्‌पिढ्या म्हटला जातो, त्यास शैली असते व पाठभेदही असतात; मग टीकाकारानें त्याची उपेक्षा कां करावी?

१७३० सालीं सॅम्युएल प्रिचर्ड यानें 'मेसनरी डिसेक्टेड' ही पुस्तिका लंडनमध्यें छापून तिन्ही दीक्षांचें रहस्य उघडें केलें. हेतु गौप्यस्फोटाचा, फळ मात्र उलटें! ज्यांस प्रश्नोत्तरें पाठ होत नव्हतीं, अशा सभासदांनींच तिचा आधार घेतला. पुढें १७७२ त विल्यम प्रेस्टननें 'इलस्ट्रेशन्स ऑफ मेसनरी' लिहून त्या रुक्ष सवालजबाबांस प्रौढ गद्याचा साज चढविला. तें गद्य भारदस्त आहे खरें; पण गवंड्याचा ओळंबा व गुण्या हे त्यांत उपदेशाच्या भाराखालीं पार दडपून जातात.

१८१३ त इंग्लंडांतील दोन प्रतिस्पर्धी महामंडळें एक झालीं. एकच पाठ ठरविण्यासाठीं एक खास लॉज नेमलें गेलें. परंतु तो पाठ तोंडींच शिकविला गेला, अधिकृत प्रत निघाली नाहीं. अर्थात् ब्रिस्टलकरांनीं आपली निराळी रीत राखली. अमेरिकेंत टॉमस स्मिथ वेबनें १७९७ त प्रेस्टनचीच सामग्री नव्यानें मांडली, पण पेनसिल्व्हानियानें आपली वेगळीच धाटणी ठेवली. आपल्याकडे वेदपाठकांनीं स्वरही ढळूं दिला नाहीं, कीर्तनकारांनीं मात्र आख्यानास गांवोगांव नवें रूप दिलें. हा विधि शपथ पहिल्यांची घेतो व वाट दुसऱ्यांची चालतो.

कित्येकांस हे भेद म्हणजे भ्रष्टता वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. १८४३ त जेम्स बर्न्स यांनीं मुंबईंत हिंदी लोकांसाठीं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हें लॉज काढलें. हिंदुस्थानांतील लॉजांत शपथेसाठीं बायबलाशेजारीं अवेस्ता, कुराण व गीताही आली. शब्दच काय, ग्रंथही बदलला. तरी विधि मोडला नाहीं. उलट कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांस हिंदु म्हणून प्रवेशासाठीं झगडावें लागलें व दार उघडलें तें १८७२ त. तेथें पाठांतर निर्दोष असेल. पण बंधुभावाचे शब्द दाराआड म्हणणें, हाच या वाङ्मयांतील खरा अपपाठ होय.