तिसऱ्या ब्रशची करामत

फोर्डच्या मॉडेल टीमधला अँमीटरचा काटा निरखून बघण्यासारखा आहे. इंजिन नुसतं घुरघुरत असताना तो शून्यावर पडून असतो. गाडीनं वेग घेतला की डायनामोला बॅटरीशी जोडणारा कटआउट जुळतो, काटा उजवीकडे उडी घेतो आणि ताशी 20-25 मैलांच्या सुमारास 10-12 अँपिअरपर्यंत चढतो. आणखी वेग वाढवा, आणि तो चक्क उतरू लागतो! यंत्र जास्त जोरात फिरतंय आणि वीज कमी देतंय. माझ्या मते सगळी कारागिरी या उतरणीतच आहे.

या गाडीत आधी वीज होती ती फ्लायव्हीलवरच्या 16 चुंबकांच्या मॅग्नेटोची. 1915 पासून हेडलाइटही त्यावरच चालत, त्यामुळे गाडी हळू झाली की उजेड मंद. 1919 साली सेल्फ स्टार्टर आला, त्यासाठी 6 व्होल्टची बॅटरी आली आणि ती भरायला डायनामो. पण डायनामोचे फेरे वाढले की व्होल्टेज वाढणारच, आणि मोटारीचं इंजिन घटकेत रेंगाळतं, घटकेत धावतं. लगाम तर हवाच होता.

डायनामोच्या फिरत्या आर्मेचरमधून प्रवाह वाहिला की ते स्वतःच चुंबक बनतं आणि मूळ चुंबकीय क्षेत्राला फिरण्याच्या दिशेनं ओढून तिरपं करतं. विजेच्या यंत्रांत हा एरवी दोष, ब्रशखाली ठिणग्या उडवणारा. इथे त्याच दोषाला राखणीला बसवलंय. ते मूळ क्षेत्र तयार करणाऱ्या फील्ड कॉइलला वीज दोन मुख्य ब्रशांवरून न देता एक मुख्य ब्रश आणि मध्येच बसवलेला तिसरा ब्रश यांच्यावरून दिली. प्रवाह वाढला की क्षेत्र तिरपं होतं आणि नेमकं या दोन ब्रशांमधल्या टापूत विरळ पडतं. फील्ड कॉइलचं व्होल्टेज घटतं, चुंबक दुबळं होतं, प्रवाह आवरतो. ना स्प्रिंग, ना वेगळी कॉइल. कार्बनचा एक तुकडा आणि त्याची जागा, बस्स. इतक्या थोडक्यात इतकं साधणारी रचना मोटारीत दुसरी सहज सापडणार नाही.

पण ही राखण प्रवाहाची आहे, व्होल्टेजची नाही. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज चढं असतं, त्यामुळे फील्डलाही जास्त मिळतं आणि चार्जिंग वाढतं. रिकामी बॅटरी असली की ते घटतं. जेवून उठलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं आणि उपाशी आलेल्याला हात आखडता, असा हा उफराटा कारभार. दिवसभराच्या लांब प्रवासात बॅटरीतलं पाणी उडून जाई. जाणते चालक म्हणून भर दुपारी हेडलाइट लावून गाडी हाकत, जादा वीज तिकडे खर्ची पडावी म्हणून. गावातल्या गावात, रात्री, संथ फिरणाऱ्याची बॅटरी मात्र उतरतच जाई. मग तिसरा ब्रश सरकवायचा: फिरण्याच्या दिशेनं ढकलला की चार्जिंग वाढे, उलट ढकलला की कमी होई. थंडीत एक जागा, उन्हाळ्यात दुसरी. म्हणजे रेग्युलेटरचं अर्धं काम माणसाच्या अंदाजावर सोपवलेलं होतं.

सर्वांत मोठा धोका बॅटरीची वायर सुटली तर. प्रवाहाला वाट नाही, म्हणून क्षेत्र तिरपं होत नाही, म्हणून लगामही नाही. व्होल्टेज चढत जातं आणि वाइंडिंग जळतं. बॅटरीशिवाय इंजिन चालवायची वेळ आलीच, तर डायनामोचं टर्मिनल आधी वायरनं इंजिनच्या अंगाला जोडून टाकायचं, अशी फोर्डची सूचनाच होती.

1930 च्या दशकात व्होल्टेज रेग्युलेटर रुळू लागले. ते बॅटरीकडे बघून प्रवाह कमीजास्त करत, आणि गाडीसाठी तेच योग्य होतं. मात्र इंजिन मंद असतानाचा उपवास त्यांनाही सोडवता आला नाही. ब्रश ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवरून सगळा प्रवाह ओढायचा, तर डायनामो फार जोरात फिरवता येत नाही; मग इंजिन मंद असतानाही तो पुरेसा फिरेल अशी जोडणी करता येत नाही. म्हणून मंद वेगातली भूक तशीच राहिली, ती 1960 च्या व्हॅलियंटमध्ये क्रायस्लरनं अल्टरनेटर बसवेपर्यंत.