न थांबणारे यान

मुले व्हिडिओ गेमच्या नादी लागली आहेत, ही तक्रार शिक्षकांना नवी नाही. पूर्वी ती पार्लरमधल्या यंत्रांविषयी असे, आता हातातल्या मोबाइलविषयी असते. या तक्रारीवर दोन ठरलेली मते ऐकू येतात. पहिले मत असे की हे खेळ म्हणजे व्यसनच. दुसरे मत असे की खेळातून मुले विज्ञान आणि संगणक शिकतात, तेव्हा काळजीचे कारण नाही. दोन्ही मते देणाऱ्यांनी खेळ नीट पाहिलेला असतोच असे नाही. पुस्तक न वाचता त्याचे परीक्षण लिहू नये, हा नियम खेळांनाही लावायला हवा. म्हणून आम्ही येथे एकच खेळ घेऊन तो बारकाईने तपासणार आहोत. तो जुना आहे, साधा आहे, आणि त्यामुळेच त्याचे सांधे उघड दिसतात.

खेळाचे नाव 'ॲस्टेरॉइड्स', म्हणजे लघुग्रह. अमेरिकेतील अटारी कंपनीने तो १९७९च्या नोव्हेंबरात करमणूक केंद्रांसाठी आणला. कल्पना लाइल रेन्स यांची, प्रोग्रॅम एड लॉग यांचा. त्याची पन्नास हजारांहून अधिक यंत्रे विकली गेली.

खेळ असा आहे

काळ्या पडद्याच्या मध्यभागी एक इवलेसे त्रिकोणी यान असते आणि भोवती चार मोठे दगड तरंगत असतात. खेळणाऱ्यासमोर पाच कळा: डावीकडे वळा, उजवीकडे वळा, इंजिन पेटवा, गोळी झाडा आणि 'हायपरस्पेस'. शेवटची कळ आणीबाणीची. ती दाबली की यान नाहीसे होते आणि पडद्यावर भलतीकडेच उगवते; कधी उगवताच फुटते. मोठ्या दगडाला गोळी लागली की त्याचे दोन मध्यम दगड होतात, मध्यमाचे दोन लहान होतात, आणि लहान दगड मात्र नष्ट होतो. मधूनच उडती तबकडी येते आणि गोळ्या झाडते. कशाचाही धक्का लागला की यान गेले. एका नाण्यात अशी तीन किंवा चार याने मिळत.

यंत्राचा पडदा नेहमीच्या टीव्हीसारखा नव्हता. टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ सरकत सारा पडदा भरतो. येथे तो ऑसिलोस्कोपप्रमाणे थेट हवी ती रेषा काढतो. त्यामुळे चित्रात रंग नसला तरी रेषा तलवारीच्या पात्यासारख्या लखलखीत दिसतात. आवाजही मोजकाच: ढब्, ढब्, असे दोन सूर आळीपाळीने वाजत राहतात आणि फेरी पुढे सरकते तसा त्यांचा वेग वाढतो. घाबरलेल्या माणसाच्या छातीतील ठोक्यांसारखा हा परिणाम आहे.

यान बरेचसे खरे, अवकाश बरेचसे खोटे

आता विज्ञानशिक्षकाच्या नजरेने पाहू. रस्त्यावरचे वाहन ज्या दिशेला तोंड करते त्या दिशेला जाते. या यानाचे तसे नाही. यान वर चालले आहे आणि आपल्याला उजवीकडे जायचे आहे, असे समजा. तोंड उजवीकडे वळवून इंजिन पेटवले, तर यान उजवीकडे न जाता तिरपे जाते, कारण वर जाण्याचा आधीचा वेग कायम असतो आणि त्यात उजवीकडचा वेग मिळवला जातो. थांबायचे असेल तर यान उलट फिरवून इंजिन पेटवावे लागते. न्यूटनचा पहिला नियम आणि वेगांची सदिश बेरीज येथे बोटांना समजावी लागते. नाही समजली तर यान दगडावर आदळते.

हे किती अवघड असते ते अँड्रिया डिसेसा या संशोधकाने १९८२ साली दाखवले. लोगो या संगणकभाषेतल्या पडद्यावरच्या कासवाला त्याने न्यूटनचे नियम लावले: कासवाला वळवायचे आणि 'लाथ' मारून वेग द्यायचा. सहावीच्या वयाच्या मुलांना कासव लक्ष्यावर नेऊन आदळायला सांगितले. ज्या बाजूला लाथ मारली त्याच बाजूला कासव सरळ जाईल, अशी मुलांची पक्की समजूत होती. भौतिकशास्त्र शिकलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीनेही सुरुवातीला तोच मार्ग धरला. परीक्षेत नियम लिहिता येणे आणि तो नियम हाताशी असणे यांत किती अंतर आहे, हे यावरून कळते.

मग 'ॲस्टेरॉइड्स' हा भौतिकीचा चांगला धडा म्हणावा काय? तसे म्हणण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली: इंजिन बंद केल्यावर हे यान हळूहळू मंदावते आणि अखेर थांबते. निर्वात अवकाशात कोठून आले हे घर्षण? नवख्या खेळाडूला यान आवरणे सोपे जावे म्हणून घातलेली ही सवलत आहे. पण तिच्यामुळे ढकलणे थांबले की गती थांबते, हा ॲरिस्टॉटलचा जुना समज मागच्या दाराने परत येतो. हाच घटक १९६२ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये तयार झालेल्या 'स्पेसवॉर' या पूर्वज खेळात नव्हता. तेथे मध्यभागी तारा होता आणि त्याचे गुरुत्वाकर्षण यानांना ओढत असे.

दुसरी गोष्ट लघुग्रहांची. पडद्यावर दिसते तशी दाटी खऱ्या लघुग्रहांच्या पट्ट्यात नाही. पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये हा पट्टा सुखरूप पार करून गेले, आणि त्यानंतर गेलेली यानेही. तेथे दगड चुकवण्याची कसरत करावी लागत नाही. एखादा लघुग्रह जवळून पाहायचा तर मुद्दाम मार्ग आखावा लागतो.

एक गोष्ट मात्र फार सुंदर आहे. यान पडद्याच्या उजव्या कडेने बाहेर गेले की डाव्या कडेने आत येते, वरून गेले की खालून येते. म्हणजे उजवी कड डावीला जोडलेली आहे आणि वरची खालच्या कडेला. कागदाच्या समोरासमोरच्या कडा जोडल्या की नळी होते, आणि नळीची दोन तोंडे जोडली की फुगवलेल्या सायकलच्या ट्यूबचा आकार होतो. त्या ट्यूबच्या पृष्ठभागावर हा सारा खेळ चालतो. नववी-दहावीच्या मुलांना हे कोडे जरूर घालावे. या रचनेचा दुसराही परिणाम आहे: या जगाला कडच नाही, म्हणून पळून जायला जागाही नाही.

धरून ठेवते ते काय?

आकर्षण अवकाशाचे म्हणावे तर त्याच वर्षी, त्याच कंपनीने, तसल्याच पडद्यावर 'ल्यूनर लँडर' हा चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ आणला होता. त्यात गुरुत्वाकर्षण होते, इंधनाचा हिशेब होता, भौतिकी अधिक चोख होती. त्याची यंत्रे पाच हजारही खपली नाहीत. तेव्हा अवकाशाचे वेड किंवा विज्ञानाची अचूकता एवढ्याने खुलासा होत नाही.

खुलासा रचनेत आहे. थोडा हिशेब करू. मोठ्या दगडाचे २० गुण, मध्यमाचे ५०, लहानाचे १००. एक मोठा दगड पूर्ण संपवायला ७ गोळ्या लागतात आणि २० + १०० + ४०० असे ५२० गुण मिळतात. पहिल्या फेरीत ४ दगड, दुसरीत ६, तिसरीत ८. तीन फेऱ्यांचे मिळून ९,३६० गुण होतात. दर १०,००० गुणांना एक यान बक्षीस मिळते! म्हणजे तीन फेऱ्या कशाबशा पार केलेला खेळाडू बक्षिसापासून फक्त ६४० गुण दूर असतो, आणि लहान उडती तबकडी टिपली तर एकदम १,००० गुण मिळतात. त्या क्षणी कोण उठेल? पुढचे लक्ष्य सतत हाताच्या अंतरावर ठेवलेले आहे.

शिवाय धोका खेळाडूच निर्माण करतो. दगड फोडावा तर दोन होतात. एकदम चार दगडांवर गोळ्या झाडल्या तर पडदा खडीने भरतो. यान गेले की खेळाडूला नेमके कळते: वेग फार घेतला, किंवा नको तो दगड आधी फोडला. नशिबाला दोष देता येत नाही, आणि चूक कळल्यामुळे ती लगेच सुधारून पाहावीशी वाटते. टॉमस मलोन या संशोधकाने १९८०च्या सुमारास अमेरिकेतील प्राथमिक शाळेतल्या मुलांना कोणते संगणकीय खेळ का आवडतात हे तपासले. आवडत्या खेळांत सर्वांत ठळकपणे आढळलेली गोष्ट म्हणजे स्पष्ट ध्येय. चित्रांचा भपका त्यामानाने मागे होता.

नाण्याचे गणित

येथपर्यंत आम्ही खेळाची स्तुतीच केली. आमचा आक्षेप पुढे आहे. या खेळाला शेवट नाही. फेऱ्या संपत नाहीत, कोणी जिंकत नाही. फक्त केव्हातरी हरायचे असते. यंत्र नाण्यावर चालत असल्यामुळे नवख्याने लवकर हरावे, पण पुन्हा नाणे टाकावे इतपत समाधानाने हरावे, हा तोल साधलेला आहे.

काही खेळाडूंनी तो तोल बिघडवला. एक लहान दगड मुद्दाम शिल्लक ठेवायचा, फेरी संपू द्यायची नाही, आणि हजार गुणांच्या तबकड्यांची शिकार करत बसायचे, ही युक्ती त्यांनी शोधली. एका नाण्यावर तासन्‌तास खेळ चालू लागला. १९८२ साली अमेरिकेतील एका १५ वर्षांच्या मुलाने सुमारे ६० तास खेळून ४,१३,३६,४४० गुण केले. हा विक्रम २०१० पर्यंत टिकला. दहा हजारांना एक याप्रमाणे त्याला ४ हजारांहून अधिक याने बक्षीस मिळाली असणार. कंपनीने १९८१च्या 'ॲस्टेरॉइड्स डिलक्स' या पुढच्या आवृत्तीत ही पळवाट बुजवली होती. मुलाच्या बुद्धीने शोधलेली वाट धंद्याला परवडत नव्हती, हे आम्हाला या खेळाच्या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते. लक्ष वेधून घेणारी रचना आणि लक्ष सुटू न देणारी रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खेळ रचणाऱ्याच्या कौशल्यातून येते, दुसरी गल्ल्यातून.

'व्यसन' हा शब्द

१९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रणगाडा चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळताना आठ पुरुषांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन अधिक स्रवते, असे त्यात दिसले. तेव्हापासून 'खेळ म्हणजे अमली पदार्थ' हे वाक्य सर्रास ऐकू येते. प्रयोग एवढे सांगत नाही. ध्येय, प्रयत्न आणि बक्षीस असलेल्या पुष्कळ कामांशी डोपामिनचा संबंध आहे, आणि या प्रयोगात टप्पा पार केल्याबद्दल पैसेही मिळणार होते. आठ जणांवरून वर्गातल्या मुलाचे निदान करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत खेळासंबंधीच्या विकाराचा समावेश आहे. पण त्याच्या कसोट्या कडक आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे, नुकसान होत असूनही खेळ चालू राहणे, आणि हे सारे साधारणपणे बारा महिने दिसणे. अशी मुले असतात आणि त्यांना तज्ज्ञांची मदत मिळायला हवी. पण गृहपाठ सोडून तासभर खेळलेल्या मुलाला सर्वांदेखत 'व्यसनी' म्हणणे हे निदान नव्हे. तो शिक्का आहे, आणि वर्गात बसलेला शिक्का पुसायला वर्षे लागतात.

शिक्षकांनी काय घ्यावे?

जुन्या यंत्राला निदान नाणे संपल्यावर थांबावे लागे. मोबाइलवरच्या पुष्कळ खेळांत रोज हजेरी लावल्याचे बक्षीस असते, न उघडलेल्या पेटीत काय निघेल याची हुरहूर असते, आणि खेळ बंद असतानाही बोलावणे येते. त्यामुळे खेळाविषयी मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हरल्यावर आपली चूक कळते का? खेळाला शेवट आहे का? मी थांबलो तर कोणाचे नुकसान होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर खेळात काही शिकण्याजोगे आहे. उरलेल्या दोन उत्तरांवरून तो कोणासाठी रचला आहे ते समजेल.

तेच प्रश्न आपण आपल्या तासालाही विचारावेत. आपल्या वर्गात चूक कळायला उत्तरपत्रिका परत मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि तेव्हाही कळतात ते बहुधा गुणच.

शेवटी, यंत्राशिवाय हाच धडा देणारा एक खेळ. मार्टिन गार्डनर यांनी १९७३ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याची ओळख करून दिली होती. चौकटींच्या कागदावर वळणावळणाचा एक रुंद रस्ता काढा. प्रत्येकाने आरंभरेषेवर ठिपका द्यावा. प्रत्येक खेळीत मागच्या खेळीइतकेच आडवे आणि उभे सरकायचे. फक्त आडव्या आणि उभ्या अंतरात प्रत्येकी एका चौकटीची वाढ किंवा घट करण्याची मुभा. रस्त्याबाहेर गेला तो बाद. मुले पहिल्या सरळ भागात वेग वाढवतात आणि पहिल्याच वळणावर बाहेर जातात. आधीचा वेग सुटत नाही, हे त्यांना त्याच क्षणी दिसते. या रस्त्यावर घर्षण नाही, आणि टोकाला अंतिम रेषा आहे. ती ओलांडली की खेळ संपतो, आणि वहीत उरलेल्या ठिपक्यांवरून कोणी कोठे वेग आवरायला हवा होता याची चर्चा सुरू करता येते.