स्किप जेम्सचे ब्लूज : दुःखाचा दस्तऐवज की स्वरांची रचना?

ब्लूज या संगीतप्रकाराविषयी लिहिताना त्याच्या सांगीतिक घडणीपेक्षा त्यामागील दुःखाचीच चर्चा अधिक होते. गुलामगिरीचा वारसा, कापसाच्या मळ्यांवरील मजुरी, वंशभेद आणि दारिद्र्य यांतून हे गाणे जणू आपोआप झिरपत आले, असे चित्र उभे केले जाते. या चित्रात सामाजिक सत्य निश्चितच आहे. परंतु ते कलावंताचे कर्तृत्व परिस्थितीच्या खात्यावर जमा करते. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचा गिटारवादक, पियानोवादक व गीतकार नेहेमाया ऊर्फ स्किप जेम्स (१९०२–१९६९) याच्या बाबतीत हा अन्याय विशेषत्वाने जाणवतो.

जेम्स बेन्टोनिया या लहानशा गावाजवळील मळ्यावर वाढला. वडील कुटुंब सोडून गेले व पुढे धर्मोपदेशक झाले. गावातील हेन्री स्टकी या वादकाकडून त्याला गिटारच्या तारा लावण्याची एक वेगळी पद्धत मिळाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना बहामा बेटांवरील सैनिकांकडून ती आपण उचलली, असे स्टकीने सांगितल्याचे नमूद केले जाते. जॅक ओवेन्स या त्याच परिसरातील वादकानेही ही पद्धत पुढे चालविली. म्हणजे जेम्सची जुळणी ही त्याची एकट्याची निर्मिती नव्हे. तिचे त्याने जे केले ते मात्र त्याचे एकट्याचे आहे.

ही जुळणी भारतीय परिभाषेत सहज सांगता येते. मोकळ्या सहा तारा अनुक्रमे षड्ज, पंचम, षड्ज, कोमल गांधार, पंचम, षड्ज अशा लावलेल्या असतात. डेल्टा प्रदेशातील अनेक वादकांच्या मोकळ्या जुळणीत या चौथ्या स्थानी शुद्ध गांधार असे व कोमल स्वर बोटाने किंवा काचेच्या नळीने अन्यत्र शोधावा लागे. जेम्सच्या गिटारवर कोमल गांधार न मागता मिळतो आणि त्याच तारेच्या पहिल्या पडद्यावर बोट ठेवले की शुद्ध गांधार उमटतो. शुद्ध स्वर येथे प्रत्येक वेळी निवडावा लागतो. त्यामुळे त्याची गाणी केवळ उदास वाटत नाहीत. ती अनिर्णित वाटतात. जोग रागातील दोन गांधारांची आठवण मराठी श्रोत्यास येथे होईल. मात्र साम्य तेवढ्यापुरतेच, कारण रागाची चौकट वा स्वरविस्तार येथे नाही.

या वाद्यावर त्याने जो आवाज ठेवला तोही विचारपूर्वक ठेवलेला दिसतो. चार्ली पॅटन, सन हाउस यांसारख्या समकालीनांचा आवाज खरबरीत व वजनदार होता. जेम्स फॉल्सेटोमध्ये, म्हणजे नैसर्गिक मर्यादेच्या वर नेलेल्या पातळ आवाजात गातो. ‘डेव्हिल गॉट माय वुमन’ या गाण्यात गळा आणि तारा एकमेकांच्या इतक्या जवळ येतात की साथ कोणती व गायन कोणते, हे सांगणे अवघड व्हावे. बारा मात्रागणांचा रूढ साचाही तो हवा तसा लांबवितो वा तोडतो.

फेब्रुवारी १९३१ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ग्राफ्टन येथे पॅरामाउंट कंपनीसाठी त्याचे ध्वनिमुद्रण झाले. ही कंपनी एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची शाखा होती, ही बाब तत्कालीन ध्वनिमुद्रिका-व्यवसायाविषयी पुरेसे सांगून जाते. त्यातील अठरा गाणी आज उपलब्ध आहेत. ‘हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज’ मध्ये महामंदीचा काळ थेट येतो. ‘आय ॲम सो ग्लॅड’ ची गोष्ट निराळी. त्यामागे ‘सो टायर्ड’ हे १९२० च्या दशकातील लोकप्रिय नागर गीत आहे. जेम्सने त्याचा थकवा काढून टाकून त्याला विलक्षण वेगवान बोटांचे गाणे केले. लोकपरंपरेतून ‘नकळत’ उमटणारा गायक असे करीत नाही. हे रचनाकाराचे काम आहे. मंदीमुळे तबकड्या फारशा खपल्या नाहीत. जेम्स टेक्ससमध्ये वडिलांकडे गेला, भक्तिगीते गाऊ लागला व धर्मोपदेशकही झाला. रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६–३७ मधील ध्वनिमुद्रणांत मात्र जेम्सच्या रचनांचा ठसा स्पष्ट ऐकू येतो.

१९६४ मध्ये जॉन फेही, बिल बार्थ व हेन्री व्हेस्टीन या तरुण श्वेतवर्णीय संगीतप्रेमींनी त्याला मिसिसिपीतील ट्युनिका येथील रुग्णालयात शोधून काढले. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला. या ‘पुनर्शोधा’ची कथा इतकी आकर्षक ठरली की तिने समीक्षेची दिशाच ठरवून टाकली. हरवलेला, आजारी, सैतानाची गाणी गाणारा माणूस श्रोत्यांना हवा होता. जुन्या तबकड्यांवरील खरखरसुद्धा वेदनेचाच भाग मानली गेली. वास्तविक ती झिजलेल्या, स्वस्त लाखेची खरखर आहे. स्टीफन कॉल्ट याने १९९४ मध्ये लिहिलेले चरित्र या भाबडेपणास छेद देते, हे त्याचे मोठे श्रेय. तथापि जेम्सच्या स्वभावातील कडवटपणावर त्याचा इतका भर आहे की संगीत पुन्हा एकदा स्वभावचित्राचा पुरावा होऊन बसते. रसिकांनी दारिद्र्य ऐकले, चरित्रकाराने तुसडेपणा ऐकला. दोघांनीही गांधाराकडे तुलनेने कमी लक्ष दिले.

व्हॅनगार्ड कंपनीने काढलेले ‘टुडे!’ (१९६६) आणि ‘डेव्हिल गॉट माय वुमन’ (१९६८) हे संग्रह उतारवयातील फिके अवशेष मानण्याची प्रथा आहे. ती निम्मीच योग्य होय. बोटांचा वेग ओसरला आहे, पियानोवरील पूर्वीचा झपाटा उरलेला नाही. परंतु फॉल्सेटो जवळजवळ अभंग आहे आणि संथ लयीमुळे दोन गांधारांमधील अंतर अधिक स्पष्ट ऐकू येते. १९६६ मध्ये ‘क्रीम’ या ब्रिटिश त्रयीने ‘आय ॲम सो ग्लॅड’ रॉक संगीतात नेले. त्यात ऊर्जा भरपूर आहे, पण जेम्सच्या मूळ वादनातील नाजूकपणा वाहून गेला. विम वेंडर्सच्या ‘द सोल ऑफ अ मॅन’ (२००३) या चित्रपटानेही जेम्सला नवा श्रोता दिला, तो प्रामुख्याने १९३१ च्या आख्यायिकेचा.

या आख्यायिकेत न बसणारे एक गाणे ‘टुडे!’ मध्ये आहे. वॉशिंग्टनमधील रुग्णालयात उपचार घेतल्यानंतर जेम्सने ‘वॉशिंग्टन डी.सी. हॉस्पिटल सेंटर ब्लूज’ रचले. त्यात सैतान नाही, पळून गेलेली स्त्री नाही. एका गरीब रुग्णाने रुग्णालयाविषयी व्यक्त केलेली कृतज्ञता आहे, आणि ती त्याच चिरत्या, उंच आवाजात गायलेली आहे.