काठावर पास

पाण्याविषयी बोलण्याचा अधिकार वाशीमच्या माणसाला जन्मतःच मिळतो. उन्हाळा लागला की आमच्या गावात भेटणारा माणूस आधी एकबुर्जी धरणात पाणी किती उरले ते विचारतो आणि मग तब्येत. अशा गावचा नोकरदार पाण्याकाठी सुटी घालवायला निघतो तेव्हा तो हौसेने निघत नाही, तपासणीला निघतो. यंदा आमच्यापुढे दोन स्थळे होती. अलिबाग आणि लवासा. दोन्ही श्रीमंत, दोन्ही पाण्याकाठची, आणि दोन्हीकडचे खोलीभाडे ऐकून पासबुकाला घाम फुटावा अशी. नाटकांची परीक्षणे होतात, मग गावांची का होऊ नयेत?

आधी लवासा. मुळशी तालुक्यात, मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, इटलीतल्या पोर्टोफिनो गावावरून बेतलेले. रूपांतरे आपल्याला नवीन नाहीत. अत्र्यांनी मोलियरचा कंजूस 'कवडीचुंबक'मध्ये असा आणला की तो आपल्याच आळीतला वाटावा. पण लवासात नेपथ्य इटलीचे, पाऊस सह्याद्रीचा, आणि पात्रे म्हणजे शनिवार-रविवारी फोटो काढायला आलेले पुणेकर! पोर्टोफिनोत आधी कोळी आले, रंगीत भिंती नंतर. लवासात रंग आधी आला, वस्ती मागाहून यायची होती. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, आणि २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. पहिल्या अंकानंतरचे मध्यंतर लांबतच गेले. पैसे परत मागणाऱ्यांच्या रांगेत बँकाही होत्या, तेव्हा बँकेतल्या कारकुनाकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नये.

पण खरा दोष संहितेत आहे. धरणाचे पाणी पुण्याला जाते. उन्हाळ्यात ते उतरते, आणि मुलांच्या सुट्याही नेमक्या तेव्हाच असतात. म्हणजे आपण पोचेपर्यंत पाणी पुण्याच्या नळाला, आणि काठ मात्र जागच्या जागी! भाडे आपण भरायचे आणि पाणी दुसऱ्याने प्यायचे. बरे, तो पितो यात त्याचाही दोष नाही. त्याला तहान आहे, आपल्याला नुसती सुटी आहे. शिवाय ज्यांची शेते या पाण्याखाली गेली, त्यांना या नाटकात पात्रच लिहिलेले नाही.

अलिबागची संहिता जुनी. समुद्रात कुलाबा किल्ला, गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी. १९०४ साली मुंबईची चुंबकीय वेधशाळा इथे आली, कारण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या आणि त्यांच्यामुळे उपकरणांची मापे बिघडली असती. मुंबईच्या कटकटीला कंटाळले की अलिबाग गाठावे, ही रीत तेव्हापासूनची असावी. फरक इतकाच की वेधशाळेला जागा थोडी पुरली.

जवळच्या किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी तपासून जाते, पसंत पडले तरच राहते, असे त्यांना आढळले. आज त्याच किनाऱ्यावरचे मुंबईकर धनिकांचे बंगले पाहिले की कोणी कोणाची नक्कल केली, असा प्रश्न पडतो. काही भिंती तर इतक्या उंच, की पलीकडे समुद्र आहे हे कानाने ओळखावे. इथे मी अलिबागचे गुण कापतो.

तरीही अलिबाग हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. तिथे कचेऱ्या आहेत, कोर्ट आहे, एस. टी. स्टँड आहे. आपण गेलो नाही तर त्याचे काही अडत नाही, आणि पाहुण्यावाचून ज्याचे अडत नाही तेच गाव पाहण्यासारखे असते. ओहोटीला किल्ल्यात चालत जा, भरतीच्या आत परत या, हा नियम बंगलेवाल्याला आणि कारकुनाला एकच. 'अलिबाग से आया है क्या?' या वाक्यावर बंदी घाला, अशी याचिका २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. एवढी थट्टा पचवून जे गाव पाहुण्यांना वाढते, त्याला दुसरा वर्ग द्यायला हरकत नाही. लवासाला मी काठावर पास करतो, कारण काठ तेवढा त्याच्याकडे नक्की आहे.

निकाल सौभाग्यवतीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, पण समुद्राचं पाणी तं खारं! एवढ्या पाण्यातलं बादलीभर तरी कामाचं आहे का?"

समुद्राचे इतके परखड परीक्षण मी आजवर ऐकलेले नाही. पण तिकिटे काढली ती अलिबागचीच. जे पाणी कोणालाच पिता येत नाही, ते पाहत बसताना निदान कोणाच्या वाटणीचे आपण पाहतो आहोत असे तरी वाटत नाही.