मुके गुराखी

गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा ‘ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ हा निबंध वाचताना माझ्यातला कादंबरीकार अडखळला. सामायिक कुरणावर जो तो आपले एकेक जनावर वाढवतो आणि अखेर कुरणच उजाड होते. पण हे गुराखी एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत! असली मुकी पात्रे वाचकांनी मला खपवू दिली नसती.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ या १९९० च्या ग्रंथात त्यांना वाचा दिली. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाने १५१७ मध्येच ठरवले होते : हिवाळ्यात पोसता येतील तितक्याच गाई उन्हाळी कुरणावर न्याव्यात. शेजाऱ्याचा गोठा कोणालाही मोजता येई.

२००९ साली हवामानबदलाविषयी लिहिताना त्या म्हणाल्या, की एका जागतिक कराराची वाट न पाहता गाव, शहर, राष्ट्र यांनी आपापल्या पातळीवर आरंभ करावा. येथे माझे मन साशंक होते. वर्गातली मुले डब्यातला खाऊ भांडत का होईना वाटून घेतात, कारण ती समोरासमोर बसतात. धूर सोडणारा आणि समुद्राखाली ज्याचे घर जाते तो, यांची तोंडओळखही नसते.

ग्रंथ थोरच आहे. परंतु परक्यांना शेजारी कसे करावे, हे प्रकरण अजून लिहावयाचे आहे.