दळण, रियाज आणि खेळ : ‘रॅग्नारोक ऑनलाइन’च्या रचनेची समीक्षा

प्रस्तावना :

संगणकीय खेळांविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा ‘व्यसन’ आणि ‘वेळेचा अपव्यय’ या दोन शब्दांत आटोपते. कादंबरी वा नाटक यांची रचना जशी तपासली जाते तशी खेळाची रचना तपासण्याची प्रथा मराठी समीक्षेत रुळलेली नाही. त्यामुळे एखादा खेळ नेमका कोठे उणा पडतो, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ या बहुखेळाडू भूमिकाप्रधान खेळाच्या मर्यादांचा विचार केला आहे. ली म्यूंग-जिन यांच्या चित्रकथेवर आधारलेला हा खेळ कोरियातील ग्रॅव्हिटी या कंपनीने 2002 मध्ये आणला. त्याच दशकात ‘लेव्हल अप’ या कंपनीमार्फत तो भारतातही आला. पुढे त्याच्या मोबाइल आवृत्त्या निघाल्या. येथील विवेचन मुख्यतः मूळ खेळाच्या आरंभीच्या स्वरूपाविषयी आहे.

श्रमाचे गणित :

खेळाडू एक पात्र निवडतो, राक्षस मारतो, अनुभवगुण मिळवतो आणि पायरी चढतो. आरंभीच्या रचनेत अशा 99 पायऱ्या होत्या. पहिल्या काही पायऱ्या तासाभरात चढता येतात. नंतर प्रत्येक पायरीला लागणारे गुण वाढत जातात, करावयाची कृती मात्र तीच राहते. पात्र मेले की त्या पायरीसाठी लागणाऱ्या गुणांपैकी एक टक्का वजा होतो. म्हणजे खेळाडू जितका जुना, तितकी त्याच्या एका चुकीची किंमत अधिक तासांची. शस्त्राची धार ठरावीक मर्यादेपलीकडे वाढवताना प्रयत्न फसला, तर शस्त्रच नष्ट होते.

सामान्य राक्षसाकडून त्याचे ‘कार्ड’ मिळण्याची शक्यता मूळ दरानुसार 0.01 टक्के, म्हणजे दहा हजारांत एक. दर दहा सेकंदांना एक राक्षस मारला, तर दहा हजारांसाठी सुमारे 28 तास लागतात. संभाव्यतेच्या नियमानुसार एवढे करूनही शंभरातील सुमारे 37 खेळाडू रिकाम्या हातांनी परततात. अनिश्चित अंतराने मिळणारे बक्षीस कृतीला सर्वाधिक चिकटवून ठेवते, हे स्किनर यांच्या प्रयोगांतून मानसशास्त्राच्या अध्यापकांना परिचित आहेच. येथे ते तत्त्व कथानकाची जागा घेते.

99 वी पायरी गाठल्यावर काय? नंतर जोडलेल्या ‘पुनर्जन्मा’च्या सोयीनुसार खेळाडूने 12,85,000 झेनी, म्हणजे खेळातील चलन, भरावयाचे आणि पुन्हा पहिल्या पायरीवरून आरंभ करावयाचा. श्रमाचे फळ म्हणून पुन्हा तेच श्रम देणारी ही योजना या खेळाच्या दृष्टिकोनाचे सार आहे.

दळण आणि ओवी :

अशा पुनरावृत्तीला खेळाडूंच्या परिभाषेत ‘ग्राइंडिंग’ म्हणतात. मराठीत ‘तेच ते दळण’ हा वाक्प्रचार त्यासाठी तयारच आहे. तथापि आपल्या परंपरेतील दळण निव्वळ कंटाळवाणे नव्हते. सांगली जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी स्त्रियांचे लोकसाहित्य आयुष्यभर संकलित केले. जात्यावर पिठाबरोबर ओवीही जन्मली, याची साक्ष त्या परंपरेत मिळते. हात तेच काम करीत होते. मन मात्र माहेर, भाऊ, विठ्ठल यांच्याकडे मोकळे फिरत होते.

या निकषावर ‘रॅग्नारोक’ला काही श्रेय द्यावे लागते. प्रॉन्टेरा नगराच्या रस्त्यांवर खेळाडूंनी मांडलेली दुकाने, एकमेकांवर अवलंबून असणारे योद्धे व पुरोहित, संघांमधील किल्ल्यांची युद्धे यांतून संवाद घडत असे. हीच या खेळाची ओवी. आक्षेप असा की, रचनेने या ओवीला पोसले नाही. गप्पा मारणाऱ्यापेक्षा मुकाट राक्षस मारणारा वेगाने पुढे जातो. आपोआप खेळणारी ‘ओपनकोर’सारखी प्रणाली म्हणूनच निघाली. पुढील ‘रॅग्नारोक एम’ या मोबाइल आवृत्तीत तर स्वयंचलित लढाईची सोय खेळातच देण्यात आली. जो खेळ खेळाडूवाचून खेळता येतो, त्यातील कृतीला अर्थ उरला नाही, ही जणू निर्मात्यांनीच दिलेली कबुली होय.

पुनरावृत्तीचे दोन प्रकार :

पुनरावृत्ती हाच दोष मानणे मात्र चुकीचे ठरेल. सांगली–मिरज–कुपवाड या परिसराला हे वेगळे सांगावयास नको. मिरजेत अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीचा वारसा आहे. एकेका स्वरावरील रियाज हा तिचा पाया. कवठेपिराणचे हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यात तालमीतील जोर-बैठकांची महती सर्वज्ञात आहे. तेथेही तेच ते करावे लागते. फरक असा की, रियाजाने गळा बदलतो, जोराने शरीर बदलते. दहा हजाराव्या बैठकीनंतरचा मल्ल पहिल्या बैठकीचा मल्ल राहत नाही. ‘रॅग्नारोक’मध्ये बदलतो तो पडद्यावरील आकडा. पात्र बलवान होते. खेळाडूच्या कौशल्यात, विचारात वा कल्पनेत त्या प्रमाणात भर पडत नाही. रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार वर्ग सांगितले : यश मिळवणारे, शोध घेणारे, मैत्री जोडणारे आणि इतरांवर मात करणारे. हा खेळ चौघांनाही बोलावतो. पण चौघांकडूनही आधी पहिल्याचेच काम करवून घेतो.

कालव्ययाचा प्रश्न :

निक यी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार अशा खेळांचे खेळाडू आठवड्याला सरासरी सुमारे 22 तास खेळत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाचा साप्ताहिक अध्यापनभार 16 तासांचा आहे, हे येथे लक्षात घ्यावे. चीनने 2007 मध्ये अल्पवयीन खेळाडूंना तीन तासांनंतर निम्मेच व पाच तासांनंतर शून्य गुण देण्याची व्यवस्था आणली. भारतात 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. येथे मात्र पणाला लागतो तो वेळ. त्याची नोंद या बंदीत होत नाही. म्हणूनच समीक्षेची जबाबदारी वाढते.

समारोप :

‘रॅग्नारोक’चे संगीत, चित्रशैली व सामूहिकता यांचे आकर्षण नाकारता येत नाही. त्याची मूलभूत उणीव अशी की, तो श्रम मागतो पण श्रमातून करणाऱ्याला घडवीत नाही. तरीही विद्यार्थी त्याकडे का वळतो? कारण तेथे प्रत्येक प्रयत्नाची नोंद तत्काळ व डोळ्यांना दिसेल अशी होते. वर्गात तसे क्वचित घडते. पाठ्यवहीतील उतारे उतरवून घेणे, गुणांसाठी तीच उत्तरे घोकणे, हेही एक प्रकारचे दळणच आहे. त्यात तर कार्डही मिळत नाही. खेळाला लावलेला ‘करणाऱ्यात काय उरले?’ हा निकष आपल्या अध्यापनालाही लावला, तरच विद्यार्थ्याला या खेळाचे दोष दाखविण्याचा अधिकार आपणास प्राप्त होईल.