‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत किंवा आसपासच्या कोणत्याही ज्वारीच्या गावात जनावराला ‘किराळ’ लागणे म्हणजे काय, हे सांगायला वैज्ञानिक लागत नाही. पावसाने ओढ दिली की खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर धापा टाकू लागते, कोसळते आणि उपचार वेळेत न मिळाल्यास दगावते. ‘नैसर्गिक ते निर्धोक’ ही समजूत अशा गावात टिकत नाही. पण तिच्या जागी दुसरी एक समजूत येऊन बसते : ‘तपासले ते निर्धोक’. लोकप्रिय विज्ञानलेखन आणि शालेय प्रकल्प हिला अजाणता खतपाणी घालतात.

‘ज्वारीत सायनाइड असते’ हे वाक्यच पाहा. ते अर्धे खरे आहे. पानात असते ते धुरिन नावाचे ग्लुकोसाइड. ते पानाच्या वरच्या थरातील पेशींत असते, तर त्याचे विघटन करणारे विकर आतल्या पेशींत. पान चावले, ठेचले की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. तो पेशींतील श्वसनाचे विकर अडवतो. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.

ही रचना समजली की चाचणीच्या मर्यादाही समजतात. ठेचलेल्या पानावर धरलेला पिवळा पिक्रेट कागद विटकरी होतो, हे खरे. (पिक्रिक आम्ल वाळल्यावर स्फोटक बनते, शाळेत ते साठवू नये.) पण हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. पिशवीत चिरडत, उन्हात कोमेजत प्रयोगशाळेत पोचलेल्या नमुन्यातून तो वाटेतच उडू लागतो. वाळलेल्या वजनाच्या दर किलोस सुमारे ५०० मिलिग्रॅमच्या पुढे चारा धोकादायक मानतात. परंतु हा आकडा नमुन्याचा असतो. गाय सरासरी खात नाही, ती कोवळे फुटवे निवडून खाते.

शिवाय प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते. १९७० च्या दशकात सरगुजा भागात (आता छत्तीसगडमध्ये) यकृताच्या रोगाची साथ आली. तिचे कारण धान्यात मिसळलेल्या खुळखुळ्याच्या जातीतील तणाच्या बिया हे होते. त्यांत पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात. पिक्रेट कागद त्यांच्यापुढे पिवळाच राहील.

हीच अल्कलॉइडे आज ‘हर्बल चहा’तही सापडतात. कॅमोमाइलसारख्या वनस्पतींबरोबर तणही कापले जाते. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून यांच्यावर कमाल मर्यादा लागू केल्या. त्या दर किलोस मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात. त्यासाठी द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापी लागतात. इतकी सूक्ष्म उपकरणे असूनही अडचण उरतेच. तण सगळीकडे सारखे मिसळत नाही. एक पुडी स्वच्छ, तर दुसरी दूषित असू शकते.

तेव्हा तपासणीचा अहवाल वाचताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे. नेमके कोणते विष शोधले? नमुना किती ठिकाणांहून, कसा घेतला? कमीत कमी किती प्रमाण या पद्धतीला पकडता येते? ही उत्तरे नसतील तर ‘आढळले नाही’ या शब्दांना फारसा अर्थ नाही.

चाचणीविना शेतकऱ्याला करता येण्यासारखेही पुष्कळ आहे. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवी चारू नये. पाण्याचा ताण बसलेल्या पिकात आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत भुकेली जनावरे सोडू नयेत. नीट वाळलेल्या कडब्यात धोका बराच कमी असतो. तरीही बाधा झालीच, तर पशुवैद्याला तातडीने बोलवावे. सोडियम नायट्राइट व थायोसल्फेट यांची इंजेक्शने वेळेत मिळाली तर जनावर वाचू शकते. अशा वेळी अहवालाची वाट पाहत बसणे परवडणारे नसते.